इंदू बिरादारचा काचेचा चेहरा

इंदू दारातून आत यायची ती मान झुकवून. आमच्या तारनाक्याच्या घराची दारं काही तितकी ठेंगणी नव्हती. ती ताठ आली असती तरी डोकं लागलं नसतं. पण भालकीकडच्या गावात, लहानपणीच्या घरात जी सवय लागली ती लागली. बँकेत, ऑफिसात, सिनेमा थिएटरच्या भल्यामोठ्या दारातूनही ती तशीच वाकून जायची. बघणाऱ्याला वाटावं, बाई येता-जाता कुणाला तरी नमस्कार करतेय.

लग्न होऊन मी पुण्याहून हैदराबादला आले ती नव्वद सालानंतरची पहिली वर्षं. नवऱ्याला संगणकाच्या एका नव्या कंपनीत नोकरी लागली होती. शहरात तेव्हा दर महिन्याला काहीतरी नवं उघडायचं, दुकानांच्या पाट्या बदलायच्या, गच्च्यांवर केबलच्या छत्र्या उगवायच्या. मला मात्र काहीच उघडत नव्हतं. तेलुगू येत नव्हतं, इथलं उर्दू निम्मं कळायचं, आणि दिवस लांबच लांब असायचा. अशा एका दुपारी वरच्या मजल्यावरची उंच मुलगी दारात वाकून उभी राहिली आणि म्हणाली, "मराठी बोलायचा आवाज आला म्हणून आले वहिनी. काय करायलीव?"

तिचं मराठी ऐकून मला आधी हसू आलं, मग रडू. इतक्या दिवसांनी कुणीतरी मला वहिनी म्हटलं होतं.

वर दोघीच राहायच्या, इंदू आणि तिची आई. वडील शेती भावांकडे सोपवून शहरात आले, नोकरीत स्थिरावले आणि लवकर गेले. इंदू रेल्वेच्या ऑफिसात कारकून होती, पण ती नोकरी तिला बास्केटबॉलनं मिळवून दिली होती. सकाळी मैदान, मग ऑफिस, संध्याकाळी पुन्हा मैदान. बिरादारकाकू म्हणायच्या, "माझी पोरगी दोन ठिकाणी हजर असती. घरी दिसती, पण नसती."

ते खरं होतं. इंदू समोर बसून भाजी निवडत असायची, आपण काही सांगत असायचो, आणि मध्येच तिची नजर हळूहळू वर जायची. आपल्या डोक्यावरून जाऊन पाठीमागं कुठंतरी खाली उतरायची. मी सुरुवातीला मागं वळून बघायची. मागं काहीच नसायचं.

"काय बघतेस गं?"

"काही नाही वहिनी. आत्ता एक आत गेला."

चेंडू. ती दिवसभर हवेत चेंडू बघायची. गवारीच्या शेंगा मोडता मोडता, बसच्या खिडकीतून, साहेबांसमोर उभी असतानासुद्धा. तिला कुणी विचारलं, एवढी अचूक कशी टाकतेस, तर म्हणायची, "आधी डोळ्यानं टाकायचं. हात मग येतेत मागनं."

एकदा मी गच्चीत होते आणि ती बाजारातून आली. मी लिंबं आणायला सांगितली होती. खालूनच म्हणाली, "वहिनी, हात पुढं करा."

"मला झेलता येत नाही," मी म्हटलं.

"झेलू नकाच. नुसते धरून ठेवा. मी आणून देते."

मी ओंजळ करून उभी राहिले. भीतीनं डोळे मिटले होते. ओंजळीत काहीतरी अलगद टेकलं, पाखरू बसावं तसं. मग दुसरं. उघडून बघितलं तर लिंबं होती आणि इंदू खाली चपला काढत होती, जणू काही झालंच नाही.

आमचे घरमालक रावगारू यांनी त्याच सुमाराला केबल घेतली. रविवारी सकाळी ते नवरा-बायको देवळात जायचे आणि जाताना खोली आमच्या हवाली करायचे. त्या वेळी अमेरिकेतल्या मॅच लागायच्या. इंदू जमिनीवर मांडी घालून बसायची, चहा गार व्हायचा. माझ्या दृष्टीनं सगळे सारखेच, धावणारे उंच लोक. एका रविवारी त्यातल्या एकाच्या तोंडावर काहीतरी चकाकलं. पारदर्शक मुखवटा होता, कपाळापासून गालांपर्यंत.

"हा तोंड झाकून कायला खेळतोय?" इंदूनं विचारलं.

"फॅशन असेल," मी म्हटलं.

"भाजलं असंल बिचाऱ्याचं," ती म्हणाली. आणि मग मॅच सोडून त्याच्याकडेच बघत राहिली.

तिची मॅच बघायला मी पहिल्यांदा गेले ती विद्यापीठाच्या बाजूच्या एका मैदानावर. सिमेंटचं कोर्ट, कडेला कडुनिंब, पाऊस संपल्यावरचं कोवळं ऊन. मैदानावरची इंदू मला ओळखू येईना. घरी जिचे पाय दाराच्या उंबऱ्याला अडखळायचे, ती इथं पाण्यात पोहावं तशी सरकत होती. घाई नव्हती तिला. बाकीच्या धावायच्या आणि ही आधीच तिथं असायची.

मग रिंगवरून परतलेला चेंडू घ्यायला तिनं उडी मारली. समोरच्या संघातली एक मुलगीही उडाली. वळताना तिचं कोपर इंदूच्या तोंडावर बसलं. मुद्दाम नव्हतं. वाळकी काटकी मोडल्यासारखा आवाज आला, तो मला लांबूनही ऐकू आला. इंदू पडली नाही. उभीच राहिली, दोन्ही तळवे हनुवटीखाली धरून, पाणी पिणाऱ्यासारखी. ओंजळ लाल होत गेली.

मी धावले. ती म्हणाली, "वहिनी, बॉल कुणाकडं गेला?"

नाकाचं हाड मोडलं होतं आणि डोळ्याखालच्या गालाच्या हाडाला तडा गेला होता. सर्जननी नाक जमेल तेवढं आतून बसवलं. म्हणाले, दुखणं लवकर थांबेल, पण दुखणं थांबलं म्हणजे हाड पक्कं झालं असं नाही. ते कच्चं असताना तिथंच दुसरा मार बसला तर डोळ्याखालचा भाग खचेल आणि एकाचे दोन दिसायला लागतील. त्यांनी सांगेपर्यंत मैदान नको.

हिवाळ्यात त्यांच्या संघाची मोठी स्पर्धा होती, आणि ती या खेपेला इथंच, घरच्या मैदानावर. इंदू कॅप्टन होती. मागून नव्या, तिच्याहून चपळ मुली येत होत्या. पुढच्या वर्षी आपण नसणार हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

काकूंनी घरातल्या आरशावर टॉवेल टाकला. इंदूच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही; आरसा ती कधी बघायचीच नाही. डोळ्याखालचं जांभळं हिरवं झालं, हिरवं पिवळं झालं, आणि महिन्याभरात चेहरा माणसात आला. नाक तेवढं डावीकडं कललं.

एका दुपारी मी मोसंब्या सोलत होते. ती भिंतीला टेकून बसली होती. "घे गं," म्हणून मी एक तिच्याकडं टाकली, अगदी हळू. तिनं तोंड फिरवलं. मोसंबी भिंतीवर आपटून खाली घरंगळली.

बराच वेळ ती त्या मोसंबीकडं बघत राहिली.

"दुखलं का?" मी विचारलं.

"नाही. दुखत नाही आता." मग म्हणाली, "माझे डोळे मिटले वहिनी."

घरात कुणी गेल्याचं सांगावं तसं तिनं ते सांगितलं. त्यानंतर तीन-चार दिवस ती वरून खाली आलीच नाही. काकू म्हणाल्या, नुसती पडून असती, वर पंख्याकडं बघत. मग एका सकाळी ती अंघोळ न करताच दारात येऊन उभी राहिली.

"तो टीव्हीतला माणूस," ती म्हणाली. "तो भाजला नव्हता. त्याचं नाक मोडलं होतं."

सर्जननी असा मुखवटा कधी बघितला नव्हता. त्यांनी आम्हाला शहरातल्या कोठी भागात, डॉक्टर हाश्मींकडं पाठवलं. ते दातांचे डॉक्टर. अपघातात जबडे मोडलेल्यांना आधाराच्या पट्ट्या करून द्यायचे. जुन्या पुस्तकांच्या दुकानांवर त्यांचा दवाखाना होता, अरुंद जिन्यानं वर जायचं. वय झालेलं, शेरवानीसारखा लांब कोट, बोलताना स्वतःचीच कवळी खटखट वाजायची.

"मुखौटा?" ते म्हणाले. "कौन से ड्रामे के वास्ते बेटा?"

इंदूनं सगळं सांगितलं. मॅच, कोपर, मोसंबी. मोसंबीचं ऐकल्यावर त्यांचं हसू गेलं. ते डोळे मिटून बसले. मग तिच्या कपाळावर अंगठा ठेवला, मग उजव्या गालाच्या धडधाकट हाडावर, मग खाली. मोडलेल्या जागेला बोट लावलं नाही.

"नाक को छूनेकाच नहीं," ते म्हणाले. "नाक के ऊपर छत डालेंगे. छत का वजन माथे पे, और गालों की अच्छी हड्डी पे. मार तो आएगा, मार को कौन रोकता? पर जहाँ टूटा है वहाँ नक्को आने देंगे."

इंदूनं माझ्याकडं बघितलं. तो टीव्हीवरचा माणूस तोंड का झाकतो ते आम्हा दोघींना त्या क्षणी कळलं. तो तोंड झाकत नव्हता. मोडक्या जागेचा मार तो धड जागेवर घेत होता.

चेहऱ्याचा साचा घ्यायला तिला खुर्चीत आडवं केलं. केसांना फडकं, भुवयांना व्हॅसलीन, तोंडात श्वासासाठी नळी. "आँखाँ बंद, हिलना नक्को," डॉक्टर म्हणाले आणि ओलं प्लास्टर चमच्यानं पसरत गेले. हळूहळू इंदू नाहीशी झाली. खुर्चीत एक पांढरा गोळा उरला आणि त्यातून बाहेर आलेली नळी. खालून पुस्तकवाल्यांच्या हाका येत होत्या, वर पंखा किरकिरत होता. तिनं माझं बोट घट्ट धरलं होतं. मग पकड सैल पडली. मी घाबरले. डॉक्टरांनी नळीपाशी तळहात धरला आणि म्हणाले, "सो गई."

साचा उतरवल्यावर ती डोळे किलकिले करून म्हणाली, "मी पाण्याखाली होते वहिनी. वरनं कुणीतरी बॉल सोडला होता. तो बुडत बुडत माझ्याकडं यायला होता. काही घाई नव्हती त्याला. मलाबी नव्हती."

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी त्या साच्यातून काढलेला तिचा पांढरा चेहरा दाखवला. आरसा न बघणारी इंदू तो दोन्ही हातांत धरून खिडकीपाशी उभी राहिली. उजेडाकडं, सावलीकडं फिरवून बघितला.

"आईसारखी दिसती की ही," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात नवल होतं. "आणि नाक वाकडं हाय."

"हौ," डॉक्टर म्हणाले. "वो सीधा हो जाता. आपरेशन है उसका. करना कि नहीं तुम्हारी मर्जी."

त्या चेहऱ्यावर बेतून त्यांनी पारदर्शक प्लास्टिकचा मुखवटा केला. कपाळाला आणि गालांना आतून मऊ स्पंज, मागं आवळायला पट्टे. नाकापाशी पोकळी. तो चढवला की इंदूचा चेहरा तळ्यात वाकून बघितल्यासारखा दिसायचा, आहे तिथंच पण जरा लांब. गल्लीतली पोरं तिला अद्दम अक्का म्हणायला लागली. तेलुगूत अद्दम म्हणजे काच. काकूंनी त्याचं मराठी केलं, "काचेच्या तोंडाची आली बघा."

सर्जननी मुखवटा घालून हलका सराव करायला परवानगी दिली. पण मैदानावर जायच्या आधी तिला भीती घरातच संपवायची होती, आणि चेंडू मारायला तिनं मला निवडलं. रोज पहाटे आम्ही गच्चीवर जायचो. विद्यापीठाच्या झाडांवर धुकं बसलेलं असायचं, रेल्वेच्या शंटिंगचे आवाज यायचे. मी चेंडू टाकायची, ती तोंड फिरवायची. मी टाकायची, ती डोळे मिटायची. मुखवटा असूनसुद्धा. कितीतरी दिवस हेच. ती चिडली नाही, रडली नाही. "पुन्हा," एवढंच म्हणायची.

मग एका सकाळी माझा चेंडू हातातून निसटला आणि सरळ तिच्या तोंडावर गेला. टक् असा आवाज झाला. मी दोन्ही हात तोंडावर धरले. धुक्यात ती तशीच उभी होती. मुखवट्याच्या आत तिचे डोळे टक्क उघडे होते, माझ्याकडं बघत.

"आता असंच मारा," ती म्हणाली. "मुद्दाम."

याच दिवसांत तिला बघायला जहीराबादकडचे पाहुणे आले. मुलगा कॉलेजात शिकवणारा, शांत, सोबत त्याची आत्या. काकूंनी मला मदतीला बोलावलं होतं. मुखवटा लपवून ठेव, असं त्यांनी इंदूला दहादा बजावलं, पण तिनं तो धुऊन खिडकीत वाळत ठेवला होता आणि विसरली होती. पोहे खाता खाता आत्याबाईंची नजर तिथं गेली.

"ते काय म्हणावं?"

काकूंनी माझ्याकडं बघितलं. मी चहाकडं बघितलं. इंदू उठली, मुखवटा घेऊन आली आणि त्यांच्या हातात दिला. हाड कसं मोडलं, अजून कसं कच्चं आहे, मार कपाळावर कसा जातो, सगळं सांगितलं. बास्केटबॉलमध्ये सगळ्यांचे हात वर असतात, म्हणून कोपरं बरोबर तोंडाच्या उंचीला येतात, हेही सांगितलं. आत्याबाईंनी मुखवटा गरम भांडं ठेवावं तसा लगेच खाली ठेवला.

मग त्या मुलानं विचारलं, "हे घातल्यावर भीती वाटत नाही?"

"वाटते," इंदू म्हणाली. "पण डोळे मिटत नाहीत."

त्यानं मान हलवली. समजल्यासारखी.

आठवड्यानं मध्यस्थाकडून निरोप आला. मुलगी पसंत आहे. लग्न माघात करू. त्याआधी ऑपरेशन करून नाक सरळ करून घ्यावं आणि खेळ आत्ताच थांबवावा. स्पर्धा पौषात होती.

काकू दोन दिवस तिच्या मागं होत्या. "नाकबी सरळ होतंय, घरबी मिळतंय. आणखी काय पाहिजे माय तुला?"

इंदू ऐकून घ्यायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती शांतपणे म्हणाली, "आई, नाक पुढच्या वर्षीबी सरळ होईल. ही मॅच पुढच्या वर्षी नाही." काकूंनी पदर तोंडाला लावला आणि आत गेल्या.

निरोपाला उत्तर गेलं. तिकडून पुन्हा काही आलं नाही. त्या दिवशी इंदू खाली येऊन माझ्याजवळ वाळलेले कपडे घड्या करत बसली. माझ्या नवऱ्याच्या एकाच शर्टाची तिनं तीनदा घडी घातली.

"तो बरा होता वहिनी," ती म्हणाली. "एकच विचारलं त्यानं. पण बरोबर विचारलं."

तिची नजर वर गेली नव्हती. ती घडीकडंच बघत होती.

स्पर्धेच्या शेवटच्या मॅचला काकू आल्या. मुलीचा खेळ त्यांनी आजवर बघितला नव्हता. माझ्या शेजारी बसल्या, गुडघ्यावर जेवणाचा डबा घट्ट धरून. इंदू मुखवटा घालून उतरली तेव्हा लोक थोडे हसले. कुणीतरी शिट्टी मारली. खेळ सुरू झाल्यावर थांबले.

ती पूर्वीसारखी चपळ नव्हती. मुखवट्याला आतून वाफ धरायची, कडेचं नीट दिसायचं नाही, मान सारखी वळवावी लागायची. पण चेंडू आला की ती तिथं असायची. मॅच संपत आली, दोन्ही संघ बरोबरीत चालले होते, आणि तसंच झालं. तीच उडी, तशीच गर्दी, कुणाचं तरी कोपर. टक्. काकूंच्या हातून डबा घसरला.

इंदू दोन पावलं मागं गेली आणि उभी राहिली. पट्टे सोडून तिनं मुखवटा काढला, उलटा करून आत बघितलं.

"आता बास कर गं माय," काकू पुटपुटल्या. शेजारी मी नसते तर ते कुणालाच ऐकू गेलं नसतं.

इंदूनं बनियनच्या कडेनं आतली वाफ पुसली, मुखवटा परत चढवला आणि फ्री थ्रोच्या रेषेवर जाऊन उभी राहिली. कोपर लागलं म्हणून तिला दोन मोकळे चेंडू टाकायला मिळाले होते. पहिला आत गेला. दुसरा रिंगवर गोल फिरला, फिरत राहिला आणि बाहेर पडला. मॅच त्यांनी थोडक्यात गमावली.

परत येताना रिक्षात काकू मध्ये बसल्या होत्या. मग त्यांनी विचारलं, "लागलं का?"

"कपाळाला लागलं."

"आणि नाकाला?"

"नाकाला कळलंबी नाही आई."

काकूंनी तिच्या कपाळावर तळहात ठेवला. लाल वळ उठला होता तिथं. तारनाक्याचा चौक येईपर्यंत त्यांनी हात काढला नाही. डबा त्यांनी घरी येऊन उघडला. त्यात इंदूला आवडतात तशा पुरणाच्या पोळ्या होत्या, जिंकली तरी आणि हरली तरी खायला.

नाक तिनं कधीच सरळ करून घेतलं नाही. पुढच्या वर्षी संघात तिचं नाव नव्हतं, आणि ती मुलींना शिकवायला लागली. एकदा संघातल्या एका मुलीचं नाक मोडलं तेव्हा तिनं इंदूचा मुखवटा मागितला. इंदूनं तो तिला घालून दाखवला. कपाळाला तो टेकतच नव्हता. "माझं तोंड तुला बसत नसतं," ती म्हणाली आणि तिला घेऊन कोठीचा जिना चढली. डॉक्टर हाश्मींना तेव्हा नीट दिसत नव्हतं, पण अंगठे बरोबर जागी पडायचे, असं तिनं मला येऊन सांगितलं.

आम्ही काही वर्षांनी पुण्याला परतलो. निघायच्या दिवशी, भर उन्हाळ्यात, मी तिला भेटायला मैदानावर गेले. मुली अजून यायच्या होत्या. इंदू अनवाणी, साडीचा काष्टा खोवून, हातात रबरी पाइप घेऊन सिमेंटच्या कोर्टावर पाणी मारत होती. दिवसभर तापलेली जमीन चरचरत होती आणि पाणी पडेल तिथून वाफ उठत होती.

"आत येऊ नका वहिनी, पाय भाजतील," ती म्हणाली. "जरा थांबा, गार होऊ द्या."

"गाडीची वेळ झाली गं."

"हौ का." तिनं पाइप खाली केला नाही. "मग पोचल्यावर कळवा."

मी रिक्षात बसून मागं बघितलं. वाफ तिच्या गुडघ्यांपर्यंत आली होती, मग कमरेपर्यंत. ती हळूहळू मागं मागं सरकत कोर्टाच्या पलीकडच्या टोकाला चालली होती, आणि तिच्या समोरची ओली जमीन उजेडात चमकत होती.